उतारावरची शिल्लक

माझ्या घरी दिवाळीची पहिली चाहूल दरवर्षी करंज्यांच्या सारणाच्या वासाने लागते. यंदा ती ब्रेकच्या डिस्कने लागली. वसुबारसेला आठ-दहा दिवस असतानाच माझा भाचा पुण्याहून पोलादपुरास येऊन थडकला. त्याने हल्लीच एक जुनी, परंतु भलतीच जोरदार मोटार घेतली आहे. शंभराचा वेग गाठायला तिला सात सेकंद लागतात, हे त्याने चहाचा कप हातात घेण्यापूर्वीच मला सांगून टाकले. सात सेकंदांत मला माझा चष्मासुद्धा सापडत नाही.

मग ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून त्याने मोबाइलवरची चित्रे माझ्यापुढे धरली. मोटारीच्या पुढच्या चाकांच्या डिस्क झिजल्या होत्या आणि नव्या कोणत्या घ्याव्यात, हा त्याच्यापुढे पेच होता. "मामा, तुम्ही जन्मभर मुलांना घर्षण शिकवलंत. आता सांगा, साधी घेऊ, छिद्रांची घेऊ की खाचांची?"

डिस्क म्हणजे चाकाबरोबर गरगर फिरणारी ओतीव लोखंडाची तबकडी. पाय दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. एवढीच ती युक्ती. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९०२ साली तिचे पेटंट घेतले. पण पुढे कितीतरी वर्षे मोटारी ड्रमच्या ब्रेकवरच धावत राहिल्या. १९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार गाड्या डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि जिंकल्या, तेव्हा कुठे जगाचे लक्ष तिकडे वळले. छिद्रांची प्रथाही शर्यतीतलीच. जुन्या काळचे पॅड फार तापले की त्यांतून वायू सुटे, आणि त्या वायूचा पातळ थर पॅड व लोखंड यांच्यामध्ये बसून ब्रेक निसरडा होई. त्याला वाट मिळावी म्हणून छिद्रे पाडीत. आताचे पॅड तसे राहिलेले नाहीत. छिद्रे मात्र राहिली आहेत. पावसात ती थोडी उपयोगी पडतात, नाही असे नाही. परंतु पुनःपुन्हा तापून निवताना लोखंडाला तडे जातात ते बहुधा त्या छिद्रांच्या काठापासूनच. खाचा त्यामानाने गरीब स्वभावाच्या. पॅडचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ ठेवतात आणि त्याबद्दल पॅड थोडे लवकर खातात.

खरे सांगायचे तर मलाही छिद्रांचीच आवडली. आकाशकंदिलासारखी दिसत होती ती! चाकाच्या आऱ्यांतून ती चकाकताना कशी दिसेल, हे माझ्याही डोळ्यांपुढे उभे राहिले. पण मास्तरकीची खोड जात नाही. मी वाण्याच्या यादीची पाठकोरी बाजू ओढली आणि हिशेब मांडला.

मोटार आणि माणसे मिळून वजन पंधराशे किलो धरू. शंभराच्या वेगाने जाणारी ही मोटार पूर्ण थांबवली, तर सुमारे पाच लाख ऐंशी हजार ज्यूल उष्णता निघते. आकडा मोठा दिसतो. पण तेवढ्यात दोन लिटर पाणीसुद्धा धड उकळायचे नाही. आता दुसरा हिशेब. महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरायचे म्हणजे साधारण तेराशे मीटर खाली यायचे. तेच पंधराशे किलो तेराशे मीटर खाली आणताना एक कोटी नव्वद लाख ज्यूल कुठेतरी टाकावे लागतात. म्हणजे शंभराच्या वेगावरून तेहतीस वेळा करकचून थांबण्याइतके. घरातल्या भाषेत सांगायचे तर साठ लिटर थंड पाण्याला आधण येईल. नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरातल्या सगळ्यांची अभ्यंगस्नाने विसण घालून आटोपतील, एवढी ती आंच! आणि ती झेलायची कोणी? गाडी नुसत्या ब्रेकवर आणली तर चार चाकांतल्या लोखंडाने, आणि त्यातही मुख्यतः पुढच्या दोन तबकड्यांनी. वारा लागून त्या निवत आल्या नाहीत, तर घाट संपण्यापूर्वी त्यांचे पाणी होईल.

"म्हणजे जड डिस्क चांगली म्हणता?" भाच्याने विचारले. त्याच्या स्वरात निराशा होती. वेगवान मोटारीच्या धन्याला वजनाचा मनस्वी तिटकारा असतो.

मी म्हणालो, "उष्णता साठवायची ती वजनातच साठते. छिद्रं पाडलीस की तेवढं वजन गेलं."

इथे मला एक गोष्ट फार वर्षांनी नव्याने कळली. आपण म्हणतो, ब्रेकने वेग मारला. वेग मरत नाही. तो रूप पालटतो आणि कुणाला तरी सोसावा लागतो. गीतेच्या पाचव्या अध्यायात कामक्रोधांच्या वेगाविषयी बोलताना तो 'सोसू शकणाऱ्याला' सुखी म्हटले आहे, नाहीसा करू शकणाऱ्याला नव्हे. क्रियापद सोसण्याचे आहे. कठोपनिषदातल्या रथाला सारथी आहे, लगाम आहेत. पण लगामाने घोडा आवरतो, आणि घोडा स्वतःच दमतो. उतारावरच्या मोटारीत दमणारे कोणी नाही. उतार ओढतच राहतो. तिथे वेग सोसायला निर्जीव लोखंड ठेवलेले असते, आणि ते किती ठेवायचे हे सजीवाने आधी ठरवायचे असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही महाडला गेलो. वाटेत सावित्रीवरचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात इथला जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या बसेस व माणसे गेली. आता नवा पूल आहे, २०१७ साली खुला झालेला. मी काही बोललो नाही. भाच्याने मात्र आपण होऊन वेग कमी केला, हे मी पाहिले.

महाडच्या मेस्त्रींनी मोटारीला एक प्रदक्षिणा घातली, चित्रे पाहिली आणि छिद्रांविषयी चकार शब्द न काढता विचारले, "ब्रेक ऑइल कधी बदललंय?"

भाच्याला सांगता येईना. गाडी हातची होऊन आलेली. मागच्या मालकाने कधी बदलले होते देव जाणे.

"डिस्क बाहेरून दिसते," मेस्त्री म्हणाले, "म्हणून सगळे पैसे तिथं घालतात. ऑइल कुणाला दिसत नाही."

त्या एका वाक्यात माझ्या आठवड्याभराच्या तासिका होत्या. ब्रेकचे तेल हवेतले पाणी पीत असते, आणि कोकणातल्या हवेत पाण्याला तोटा नाही. चांगल्या प्रतीचे, डॉट चार म्हणतात ते तेल नवे असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच पाणी प्याले की १५५ वर उकळू शकते. तेलाची वाफ झाली की पाय दाबला तरी वाफच दाबली जाते, आणि डिस्क कितीही किमतीची असली तरी तिच्यापर्यंत निरोपच पोहोचत नाही.

मेस्त्री काम करता करता माझ्याकडे वळून सहज म्हणाले, "सर, तुमची फियाट आमच्या वडिलांकडं यायची ना? निळी?"

मी हो म्हटले, आणि नंतर बराच वेळ काही बोललो नाही.

ती निळी फियाट. साल १९८४. दिवाळीच्या आधी मेस्त्रींच्या वडिलांनी तिच्या ब्रेकचे लायनर बघून सांगितले होते, "मास्तर, संपलेत. बदलून टाका." मी म्हणालो होतो, "दिवाळीनंतर बघू." पैसे नव्हते असे नाही. त्याच महिन्यात मी टेपरेकॉर्डर घेतला होता.

भाऊबीजेला आम्ही वाईला, माझ्या सासुरवाडीस गेलो. परतताना महाबळेश्वर ओलांडल्यावर मी गाडी न्यूट्रल केली आणि उतारावर सोडून दिली. पेट्रोल वाचते म्हणून. त्या काळी पुष्कळ जण असे करीत आणि त्याची फुशारकीही मारीत. मी पदार्थविज्ञानाचा मास्तर असून त्यांत होतो. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हे आमच्या गावातल्या शाळा न शिकलेल्या ट्रकड्रायव्हरलाही ठाऊक असते. इंजिनाने धरून ठेवले की ब्रेकवरचा निम्मा-अधिक भार उतरतो. ते मी वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगत असे!

प्रतापगडाचा फाटा मागे पडला. आंबेनळीच्या मधल्या वळणांपैकी एका वळणाशी गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई चालली होती. तिचा पदर धरून पाच-सहा वर्षांचा एक मुलगा. मी ब्रेक दाबला. ड्रम तापून फुगलेले, लायनर झिजलेले. पेडल चिखलात पाय जावा तसे खाली गेले. दुसऱ्यांदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले. मग मी चाक डोंगराकडे वळवले. गाडी गटारात उतरली, दरडीला घासली आणि थांबली. मडगार्ड चेपले. माझ्या पत्नीच्या मांडीवर आमची तीन वर्षांची मुलगी होती. तिच्या कपाळाला खोक पडली. ती बाई दहा हातांवर उभी होती. तिने भारा सावरला, आमच्याकडे पाहिले, मुलाचे बखोट धरले आणि चालू लागली. ती मला काहीच बोलली नाही. मीही तिला हाक मारली नाही.

पुढे कितीतरी वर्षे लग्नाच्या पंगतींत मी ही हकीगत सांगत आलो. तिचे नाव होते 'प्रसंगावधान'. ब्रेक गेले असताना मास्तरांनी डोके शांत ठेवून गाडी कशी डोंगराला लावली! लोक वाहवा करीत. माझी पत्नी अशा वेळी उठून आत जाई. त्या रात्री घरी आल्यावर मुलीच्या कपाळाला हळद लावताना तिने मला एकच विचारले होते, "लायनर बदलायला किती पैसे लागणार होते?"

मला जो प्रश्न वाचकांपुढे ठेवायचा आहे तो इथे आहे. कोणाला काही झाले नाही. मग मी अपराधी होतो काय?

समजा, एखाद्या पतपेढीच्या रोखपालाने तिजोरीतले पैसे काढून घोड्यावर लावले. घोडा जिंकला. हिशेबतपासणीपूर्वी त्याने पैसे जागच्या जागी ठेवले. एक पैही कमी नाही. त्याला आपण प्रामाणिक म्हणू काय? आणि घोडा हरला असता तर जो चोर ठरला असता, तो घोड्याच्या पायांमुळे साव कसा ठरतो? विसाव्या शतकात इंग्रजी तत्त्वज्ञांनी यावर बराच काथ्याकूट केला आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी १९७६ साली 'नैतिक दैव' अशा अर्थाच्या शब्दांनी हा पेच मांडला. माझ्यापुरते मला एवढे कळते की, त्या वळणावर मी काही निवडलेच नव्हते. तिथे पायाने दाबले आणि हाताने वळवले. निवड त्याआधी झाली होती: महाडच्या गॅरेजात 'दिवाळीनंतर बघू' म्हणताना, आणि महाबळेश्वराहून निघाल्यावर गिअरच्या दांड्यावर हात ठेवताना. वळणाने ती फक्त उघडी पाडली. गटार त्या जागी होते, हे माझे पुण्य नव्हे. ते कुणा बांधकाम खात्याच्या मुकादमाचे असेल.

महाडहून परतताना मी भाच्याला हे सांगितले नाही. त्याने वादाला दुसरेच तोंड फोडले होते. तो म्हणाला, "मामा, चांगल्या ब्रेकचा खरा फायदा हा की वळणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत वेग ठेवता येतो. शर्यतीत तेच तर करतात."

खोटे नाही. आणि माणसे शर्यतीबाहेरही तेच करतात. म्युनिक शहरात १९८० नंतरच्या काही वर्षांत एक प्रयोग झाला. एकाच टॅक्सी कंपनीच्या काही गाड्यांना चाके न अडकता थांबवणारे नवे ब्रेक बसवले, काहींना नाही. अपघातांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नव्या ब्रेकवाले चालक अधिक तडफेने वळू लागले आणि पुढच्या गाडीच्या अधिक जवळ जाऊ लागले. ब्रेकने जेवढे दिले तेवढे त्यांनी वेगाच्या रूपाने खर्चून टाकले.

यावरून वाईट ब्रेक बरे, असा निष्कर्ष काढणारा मनुष्य मी नव्हे. पण चांगल्या ब्रेकने जी शिल्लक उरते ती कोणाच्या नावावर जमा धरायची? भाचा म्हणतो, पैसे मी दिले, शिल्लक माझी. कोइमतूरच्या करी शर्यतमार्गावर ते मला मान्य आहे. तिथे येणारा प्रत्येक जण जाणूनबुजून येतो, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतात, कडेला रुग्णवाहिका उभी असते. घाटातल्या रस्त्यावर मात्र गवताचा भारा घेतलेली बाई शर्यतीत नाव नोंदवून आलेली नसते. दिसतो त्या रस्त्याच्या आत थांबता येईल एवढा वेग माझा. वळणाआडचे जे दिसत नाही, त्यासाठी राखलेली ताकद तिची. ती माझ्या चाकात ठेवलेली तिची ठेव आहे. वळण मोकळे निघाले म्हणून ती मी वापरली, तर मी तोच रोखपाल.

हे म्हटले की दुसरी अडचण उभी राहते. भाच्यापाशी पैसे आहेत. आमच्याकडे भाजीचा टेंपो घेऊन घाट उतरणाऱ्या गरिबाने काय करावे? त्याचे पॅड शेवटच्या धाग्यावर असतात आणि हप्ता त्याआधी येतो. त्याला मी माझ्याच मापाने मोजू काय? मला ते जमत नाही. एवढे खरे की, उंची सर्वांना सारखीच उतरावी लागते, पण सावकाश उतरणाऱ्याला तीच आंच वाऱ्यावर सोडायला अधिक वेळ मिळतो. सावकाशीला पैसे पडत नाहीत असे मी म्हणणार होतो. मग आठवले की त्याला ते पडतात. बाजार गाठायचा असतो त्याला. मी टेपरेकॉर्डरवाला होतो. आम्हां दोघांना एका ओळीत उभे करणारा नियम मला सापडलेला नाही, आणि सापडला तर मी त्याच्याकडे संशयाने पाहीन.

भाच्याने शेवटी साधी डिस्क घेतली. मधून पोकळ, हवा खेळणारी, छिद्रांवाचूनची. सोबत पॅड आणि नवे तेल. 'पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारायचा नाही, नव्या पॅडला डिस्कवर बसू द्यायचं,' असे मेस्त्रींनी बजावले होते. तो आठवडाभर महाड-पोलादपूर असा नेमस्तपणे फिरत राहिला, एखाद्या नव्या जावयासारखा. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी म्हणाला, "चला मामा, आंबेनळी."

वर जाताना बोलणे झाले नाही. या घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत गेली आणि बसमधला एकच जण वाचला. त्याविषयी तर्क करण्याची ही जागा नव्हे. पोलादपूरकरांचा हात त्या बाजूने जाताना अजून आपोआप छातीशी जातो.

उतरताना पाऊस संपलेल्या डोंगरांवर गवत उभे होते आणि कापणी चालू होती. प्रतापगडाचा फाटा गेल्यावर मी त्याला म्हटले, "इथे जरा थांब." ते वळण मला अजून ओळखू येते; गटार आता सिमेंटचे आहे. तिथे उभे राहून मी त्याला सगळे सांगितले: लायनर, टेपरेकॉर्डर, न्यूट्रल. 'प्रसंगावधान' त्याने लहानपणी दहा वेळा ऐकले होते. तो म्हणाला, "पण मामा, तुम्ही तर सांगायचा की ब्रेक अचानक गेले."

"हो, तसंच सांगायचो," मी म्हणालो.

त्याने पुढे काही विचारले नाही. गाडी सुरू केली, दुसऱ्या गिअरात टाकली आणि तशीच खालपर्यंत आणली. इंजिनाची घरघर कानाला गोड नव्हती. मागून आलेल्या दोन गाड्यांनी हॉर्न वाजवून आम्हाला मागे टाकले, तेव्हा त्याचे कान लाल झालेले मला दिसले. पण त्याचा हात दांड्याकडे गेला नाही. पोलादपुरास दारात उतरल्यावर मी चाकाजवळ तळहात धरून पाहिला. आंच होती, पण हात मागे घ्यावा अशी नव्हती.

पत्नी अंगणात तांब्याचा बंब चिंचेने घासत बसली होती. तिने भाच्याकडे पाहिले, मोटारीकडे पाहिले आणि विचारले, "किती पैसे लागले रे सगळ्याला?"

भाच्याने आकडा सांगितला. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चहा टाकते. तोवर ह्या बंबाला पाणी घाला कुणीतरी, गळतो का बघायचाय."

आम्ही दोघे बादल्या घेऊन आडावर गेलो.